सल्लागार मंडळाच्या सदस्यानं कसं वागावं? नियमावलीचा मसुदा करतेय, मदत हवी आहे

पायवाट

तीन महिन्यांपूर्वी एका सार्वजनिक सल्लागार मंडळावर माझी नेमणूक झाली. अनुदानासाठी आलेले संस्थांचे प्रस्ताव वाचायचे, त्यावर चर्चा करायची आणि खात्याकडे शिफारस पाठवायची, एवढंच मंडळाचं काम. पैसे द्यायचे की नाही ते खातं ठरवतं. आम्ही अकरा जण आहोत. मानधन नाही, फक्त प्रवासभत्ता.

दुसऱ्या बैठकीत जे घडलं ते मनातून जात नाहीये. विषयपत्रिका संपली आणि अध्यक्षांच्या परवानगीनं 'ऐनवेळचा विषय' म्हणून एक प्रस्ताव पुढे आला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "या संस्थेचा मी विश्वस्त आहे, तेवढी नोंद घ्या." आणि त्यानंतर वीस मिनिटं त्याच प्रस्तावाच्या बाजूनं तेच बोलले. मत द्यायची वेळ आली तेव्हा "मी तटस्थ" म्हणाले. प्रस्ताव सर्वानुमते पुढे गेला. सर्वानुमते म्हणजे काय, तर कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. इतिवृत्तात एकच ओळ आली: 'सविस्तर चर्चेअंती शिफारस करण्यात आली.' विश्वस्त असल्याचा उल्लेखसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना मी हा मुद्दा काढला. आपल्याकडे लेखी नियमच नाहीत असं सगळ्यांच्या लक्षात आलं आणि अध्यक्षांनी मसुदा करायचं काम माझ्याकडे दिलं. त्या सदस्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. संस्थाही चांगलं काम करते. तरीही जे झालं ते चुकलं असं मला ठामपणे वाटतं, आणि नेमकं काय चुकलं हे चार ओळींत लिहायला बसले की शब्द निसटतात.

अशा मंडळांवर काम केलेल्यांनी कृपया लिहावं. कोणता नियम प्रत्यक्षात चालतो आणि कोणता नुसता कागदावर राहतो, हे मला समजून घ्यायचं आहे.

---

अनुस्वार

एक प्रामाणिक शंका. मंडळ फक्त सल्ला देतं, निर्णय खात्याचा. मग न्यायाधीशाला लावावेत तसे नियम इथे कशाला? लोक बिनपगारी वेळ देतात. त्यांच्याकडून मालमत्तेपासून नातेवाइकांपर्यंत सगळं लिहून मागितलं तर चांगली माणसं येणारच नाहीत. वीस मिनिटं बोलले, पण मत दिलं नाही. एवढं पुरेसं नाही का?

---

कलम४

अनुस्वार, नेमका हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात झाला होता आणि तो टिकला नाही. ए. के. क्रैपक विरुद्ध भारत सरकार, १९६९. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधल्या अधिकाऱ्यांची निवड करायची होती. निवड मंडळावर तिथले प्रभारी मुख्य वनसंरक्षक बसले होते आणि ते स्वतःही उमेदवार होते. स्वतःच्या नावाचा विचार होत असताना ते बाजूला झाले. पण ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा होती त्यांच्या नावांवरच्या चर्चेत मात्र ते होते, आणि यादीचा क्रम लावतानाही होते.

मंडळ तर फक्त शिफारस करतं, अंतिम शब्द लोकसेवा आयोगाचा, असा बचाव झाला. न्यायालयानं तो मानला नाही, कारण पुढचा निर्णय त्या शिफारशीवरच उभा राहतो. निवड रद्द झाली.

पायवाट, तुम्हाला जे शब्दांत पकडायचं आहे ते इथे सापडतं. मत न देणं पुरेसं नसतं, कारण मतदानाची वेळ येईपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं. अकरा जणांच्या खोलीत वीस मिनिटांचं बोलणं एका मतापेक्षा कितीतरी जड असतं.

---

जुना_सचिव

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या मंडळांचा सदस्य-सचिव म्हणून काम केलं. विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं, गणपूर्तीसाठी (बैठकीला लागणारी किमान सदस्यसंख्या भरावी म्हणून) फोन करणं, हेच आयुष्य. त्यामुळे थोडं लांबेल.

पहिली गोष्ट खोलीबाहेर जाण्याची. ज्याचा हितसंबंध आहे त्यानं तो सांगायचा, उठायचं आणि दाराबाहेर जायचं. 'गप्प बसून राहीन' हे चालत नाही. मी पाहिलं आहे, माणूस एक अवाक्षर बोलत नाही, पण समोर बसलेला असतो, आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत पाहत शब्द गिळतात. ज्याच्याशी पुढच्या विषयावर पुन्हा मिळून काम करायचं आहे त्याच्या संस्थेच्या हिशेबावर त्याच्या तोंडावर बोट ठेवायला फार थोडे धजावतात. त्यात त्या माणसाचा स्वभाव वाईट असावा लागत नाही. उलट तो सगळ्यांना प्रिय असेल तर अडचण वाढते.

दुसरी, वेळ. हितसंबंध विषय आल्यावर सांगायचा नसतो, बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायचा. विषयपत्रिकेवर कायमचा पहिला विषय तोच ठेवा, इतिवृत्त कायम करण्याच्याही आधी. अध्यक्षांनी एकेकाचं नाव घेऊन विचारावं. 'कोणाचा काही हितसंबंध आहे का?' असं मोघम विचारलं की सगळे कागद चाळत बसतात. नाव घेतलं की 'नाही' म्हणावं लागतं, आणि तोंडानं 'नाही' म्हणताना माणूस क्षणभर विचार करतो. तो क्षणच आपल्याला हवा असतो.

तिसरी, आणि तुमच्या प्रसंगात मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते: ऐनवेळचे विषय. पैशाशी किंवा नेमणुकीशी संबंध असलेला कोणताही प्रस्ताव ऐनवेळी घेता येणार नाही, असा स्पष्ट नियम करा. आधी कागद मिळाले नाहीत तर सदस्य वाचणार काय, आणि स्वतःचा संबंध आहे की नाही हे तपासणार कधी? माझ्या अनुभवात जी काही वाकडी कामं झाली त्यातली बहुतेक याच दारानं आत आली.

चौथी, इतिवृत्त. कोणी कोणता संबंध सांगितला, कोणत्या विषयाला बाहेर गेले, परत कधी आले, हे तिन्ही लिहिलं पाहिजे. ते बाहेर असताना गणपूर्ती टिकली का, हेही. 'सविस्तर चर्चेअंती' हे शब्द मीसुद्धा शेकडो वेळा लिहिले. वरून तसं सांगितलं जायचं आणि मी लिहायचो. आज त्याचं वाईट वाटतं.

---

उंबरठा

जुना_सचिव यांना +१. समोर असण्याबद्दल त्यांनी लिहिलं तसाच एक प्रसिद्ध इंग्रजी निकाल आहे, १९२३ सालचा, ससेक्सच्या दंडाधिकाऱ्यांविरुद्धचा. मोटार अपघाताचा खटला. न्यायालयाचा कारकून दंडाधिकाऱ्यांबरोबर आतल्या खोलीत गेला, आणि त्याच अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याची वकिली पेढी आरोपीच्या विरुद्ध बाजूनं काम करत होती. आत त्याला कोणी काही विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. तरी शिक्षा रद्द झाली. न्याय नुसता होऊन चालत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, हे वाक्य सगळे वापरतात ते याच निकालातलं.

---

मृद्गंध

मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. मी एका आरोग्यविषयक सल्लागार समितीवर रुग्णांची प्रतिनिधी आहे. मला तो आजार आहे, म्हणूनच मला बोलावलं. त्या आजाराच्या औषधाचा विषय निघाला की माझा हितसंबंध अगदी उघड आहे. मग मी बाहेर जायचं? तसं असेल तर मला घेतलं कशाला?

एकदा एका सदस्यानं मला खरोखर असं म्हटलं होतं. "तुम्ही भावनेनं बोलणार, तुमचा संबंध आहे." मी त्या दिवशी घरी येऊन राजीनामा लिहिला होता. पाठवला नाही. पण नियम लिहिताना हे लक्षात ठेवा. 'संबंध आहे तो बाहेर' एवढाच ढोबळ नियम केलात तर सगळ्यात आधी आमच्यासारखे बाहेर जातील, आणि ज्यांचे लागेबांधे कागदावर दिसत नाहीत ते आत बसून राहतील.

---

पायवाट

मृद्गंध, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मसुद्यात अगदी हाच ढोबळ नियम होता. आता तो खोडला आहे. पण मग रेघ कुठे मारायची?

---

कलम४

रेघ मारता येते. दोन उदाहरणं देतो.

अमेरिकेत १९७२ पासून सल्लागार समित्यांसाठी स्वतंत्र संघीय कायदा आहे. तिथे सदस्यांची नेमणूक करतानाच फरक करतात. काही जण 'प्रतिनिधी' असतात. ते एका गटाच्या वतीनं 'आम्हाला असं वाटतं' असं बोलतात आणि त्यांची बाजू कोणती हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीचे स्वतःच्या स्वतंत्र बुद्धीनं मत द्यायला नेमलेले असतात. हितसंबंधांचे कडक नियम लागतात ते या दुसऱ्यांना. समितीत वेगवेगळ्या दृष्टिकोनांचा समतोल हवा, अशीही त्या कायद्याची अट आहे.

दुसरं उदाहरण हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाचं, म्हणजे आयपीसीसीचं. २०११ मध्ये त्यांनी हितसंबंधांविषयी धोरण ठरवलं. एखादं मत ठामपणे बाळगणं आणि त्या मतातून स्वतःचा फायदा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यात स्पष्ट मांडलं आहे. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे दुसरी.

मृद्गंध, तुमचा आजार हा तुमचा अनुभव आहे आणि त्यासाठीच तुम्ही तिथे आहात. त्या औषधाची कंपनी तुमच्या रुग्णसंघटनेला देणगी देत असेल, तर तो मात्र जाहीर करण्याचा संबंध झाला. विश्वस्ताचा प्रसंगही याच बाजूला येतो. ते कोणाचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले नव्हते आणि पैसे त्यांच्याच संस्थेला जाणार होते.

---

मृद्गंध

हे पटलं. आमच्या संघटनेला अशी देणगी मिळते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारते.

---

अनुस्वार

क्रैपक निकालानंतर माझा पहिला मुद्दा मी मागे घेतो. दुसरा मात्र अजून उभा आहे. विषय जितका खास, तितकी त्यातली जाणती माणसं कमी, आणि ती कुठे ना कुठे बांधलेली असणारच. सगळ्यांना बाहेर काढलं तर आत उरेल कोण?

---

कलम४

अडचण खरी आहे. पण दुसऱ्या बाजूची किंमतही बघा. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांची तीन दिवसांची बैठक झाली. वायॉक्स आणि बेक्स्ट्रा ही वेदनाशामक औषधं हृदयाला अपायकारक ठरत असतील तर ती बाजारात असावीत का, हा प्रश्न होता. ३२ जणांनी मत दिलं. वायॉक्सच्या बाजूनं १७, विरुद्ध १५. बेक्स्ट्राच्या बाजूनं १७, विरुद्ध १३, दोघं तटस्थ. बैठकीनंतर न्यूयॉर्क टाइम्सनं दाखवलं की यातल्या दहा जणांनी अलीकडच्या काळात या औषधांच्या उत्पादकांसाठी सल्लागार म्हणून काम केलं होतं, आणि दोन्ही वेळा त्या दहांपैकी नऊ जणांचं मत औषधाच्या बाजूनं होतं. ते दहा वगळले तर आकडे होतात ८ विरुद्ध १४ आणि ८ विरुद्ध १२. दोन्ही निकाल उलटतात.

त्या दहा जणांनी पैसे खाऊन मत दिलं असं मी म्हणत नाही. त्यांना मनापासून तसं वाटतही असेल. पण बाहेरच्या माणसाला हे कळायला काही मार्ग नाही, आणि त्यामुळे उरलेल्या बावीस जणांच्या प्रामाणिक कामावरही सावली पडली.

---

जुना_सचिव

अनुस्वार यांच्या प्रश्नाला एक चालणारा तोडगा आहे. अशा जाणकाराला त्या विषयापुरतं 'निमंत्रित तज्ज्ञ' करायचं. त्यानं आपला संबंध सांगून माहिती द्यायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मग बाहेर जायचं. चर्चा आणि शिफारस उरलेल्यांनी करायची. ज्ञान मिळतं आणि दबाव राहत नाही. आम्ही हे केलेलं आहे. पहिल्या दोन-तीन वेळा लोकांना अपमान वाटतो, मग सवय होते. अध्यक्षांनी स्वतः एकदा तसं उठून दाखवलं की त्यानंतर कोणी कुरकुरत नाही.

---

उंबरठा

सगळी चर्चा हितसंबंधांवरच चालली आहे. बाकीच्या वागण्याचं काय? ब्रिटनमध्ये १९९४ साली सार्वजनिक जीवनातल्या आचारमानकांसाठी समिती नेमली गेली आणि तिनं १९९५ मध्ये सात तत्त्वं मांडली: निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. अध्यक्ष नोलन यांच्या नावानं ती ओळखली जातात. मला त्यातलं नेतृत्व जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्यांना उपदेश न करता ही तत्त्वं स्वतःच्या वागण्यात दिसावीत, असा त्याचा अर्थ. इतरांशी आदरानं वागणं हे शब्दही त्यात नंतर घातले गेले.

---

जुना_सचिव

आदराचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतोच. सदस्य एकमेकांशी 'आपण', 'महोदय' म्हणून बोलतात आणि कागद आणून देणाऱ्या लिपिकावर खेकसतात. मसुद्यात कर्मचाऱ्यांचा वेगळा उल्लेख करा. त्यांना सदस्यांविरुद्ध तक्रार करायची सोय नसते, कारण ज्याच्याकडे तक्रार करायची तोच सदस्यांची मर्जी सांभाळत असतो. माझ्या हाताखालची एक मुलगी एका सदस्याच्या बोलण्यानं रडत बाहेर आली होती आणि मी तिला 'मनावर घेऊ नकोस' म्हणालो. मी इतिवृत्त थांबवून अध्यक्षांना सांगायला हवं होतं.

आणि वाचून येणं. बंद लिफाफा बैठकीतच फोडणारा सदस्य मी मोजता येणार नाहीत इतक्या वेळा पाहिला. न वाचता मत देणं हा गैरवर्तनाचाच प्रकार आहे असं माझं ठाम मत आहे, कारण त्या कागदामागे कोणीतरी महिनोन् महिने काम केलेलं असतं. सलग तीन बैठकांना न कळवता गैरहजर राहिलं तर जागा रिकामी झाली असं समजावं.

---

पायवाट

हे दोन्ही घेते. आता एक अवघड कलम. बैठकीतलं बाहेर बोलावं का? आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की सगळं गोपनीय असावं, आणि एकदा शिफारस झाली की कोणी जाहीरपणे वेगळं बोलू नये.

---

उंबरठा

दुसरा भाग मला धोकादायक वाटतो. ब्रिटनमध्ये अमली पदार्थांच्या गैरवापराविषयी सल्ला देणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड नट यांना गृहमंत्र्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये पदावरून दूर केलं. गांजाच्या वर्गीकरणाबाबत सरकारनं परिषदेचा सल्ला डावलला होता आणि नट आपलं शास्त्रीय मत जाहीरपणे मांडत होते. त्यानंतर परिषदेच्या अनेक सदस्यांनी राजीनामे दिले. शेवटी २०१० मध्ये सरकारला स्वतंत्र शास्त्रीय सल्ल्याविषयी तत्त्वं प्रसिद्ध करावी लागली: सल्लागाराला बोलण्याचं स्वातंत्र्य राहील, मात्र आपण कोणत्या नात्यानं बोलतोय हे त्यानं स्पष्ट करावं.

हेच सूत्र ठेवा. 'मंडळाची शिफारस ही आहे, माझं मत वेगळं होतं' असं कोणीही म्हणू शकतो. मंडळाच्या नावानं स्वतःचं मत खपवू नये, आणि दुसरा सदस्य बैठकीत काय बोलला ते बाहेर सांगू नये. ते ज्याचं त्यानं सांगावं.

---

कलम४

सहमत. गोपनीयता कशाची, तेही नेमकं लिहा. अर्जदारांची खासगी माहिती आणि शिफारस होण्याआधीचे कच्चे कागद, एवढंच. मंडळावर कोण आहे, काय शिफारस झाली आणि कशामुळे, हे उघड असायला हवं. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आणीबाणी समितीच्या सदस्यांची नावं साथ संपेपर्यंत गुप्त ठेवली होती. हेतू त्यांना दबावापासून वाचवण्याचा होता, पण संशय मात्र त्यातूनच वाढला.

आपल्याकडच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर बघा: सल्ल्यासाठी नेमलेली मंडळं आणि समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे प्राधिकरणानं कोणी न मागता प्रसिद्ध करायचं असतं.

---

अनुस्वार

नियम मोडला तर काय, हे कोणीच लिहिलं नाही. तक्रार अध्यक्षांकडे जाणार असेल आणि तक्रार अध्यक्षांबद्दलच असेल तर?

---

जुना_सचिव

त्यासाठी नेमणूक करणाऱ्या प्राधिकरणातला मंडळाबाहेरचा एक अधिकारी नावानिशी ठरवून ठेवा. तक्रार लेखी, संबंधिताला उत्तराची संधी, ठरावीक मुदत. काढून टाकण्याचा अधिकार नेमणाऱ्याकडेच राहील, मंडळाला तो नसतो. पण मंडळ दोन गोष्टी स्वतः करू शकतं: घडलेलं इतिवृत्तात नोंदवणं, आणि ती शिफारस मागे घेऊन विषय पुन्हा चर्चेला घेणं. दुसरी जास्त परिणामकारक. ज्या प्रस्तावासाठी नियम वाकवला तो प्रस्तावच पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

---

पायवाट

ते वाचून ठरवलं की मसुद्याबरोबर एक विषयही आधी लेखी देऊन ठेवायचा: त्या दिवशीची शिफारस पुन्हा चर्चेला घ्यावी. संस्था पात्र असेल तर पुन्हा मंजूर होईलच.

शेवटचे दोन प्रश्न. नातं किती जवळचं धरायचं? आणि बैठक ऑनलाइन असेल तेव्हा 'बाहेर जाणं' म्हणजे काय?

---

कलम४

नात्यांची यादी कितीही लांब केली तरी एखादं सुटतंच. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत संघर्षाचे तीन प्रकार आहेत: प्रत्यक्ष असलेला, वरकरणी दिसणारा आणि पुढे होऊ शकणारा. जाहीर तिन्ही करायचे. कसोटी अशी ठेवा: हा संबंध उद्या दुसऱ्या कोणाकडून मंडळाला कळला, तर 'हे आधी का सांगितलं नाही' असं सहकारी विचारतील का? विचारतील असं वाटलं तर सांगून टाकायचं. बाहेर जावं लागेल का, ते नंतर मंडळ ठरवेल.

---

जुना_सचिव

ऑनलाइन असेल तर सचिवानं त्या सदस्याला प्रतीक्षाकक्षात पाठवावं आणि विषय संपल्यावर परत घ्यावं. कॅमेरा बंद करणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. ध्वनिमुद्रण होत असेल तर तो भाग विषय निकाली निघेपर्यंत त्या सदस्याला देऊ नये.

---

पायवाट

कलम४ यांची कसोटी काल रात्री स्वतःला लावून पाहिली. माझी नणंद ज्या संस्थेत हिशेब पाहते त्या संस्थेचा अर्ज पुढच्या फेरीत आहे. ती विश्वस्त नाही, पगारी कर्मचारी आहे. अर्जाबद्दल आम्ही एक शब्दही बोललेलो नाही. त्यामुळे हे सांगण्यासारखं आहे असं मला आजवर वाटलंच नव्हतं. त्या ज्येष्ठ सदस्यांनी निदान तोंडानं सांगितलं तरी होतं.

आज सकाळी सचिवांना लेखी कळवलं. त्या विषयाचे कागद मला पाठवू नका, असंही लिहिलं. नणंदेलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, बरं केलंत, मलाच विचारायचं होतं."

बैठक सोमवारी आहे. पहिलाच विषय हितसंबंध सांगण्याचा ठेवला आहे.